भावाची दक्षिणा

एखाद्या निवड समितीच्या यादीत अध्यक्षांचा भाचा पहिला आला, पुरस्कारांच्या निकालात परीक्षकांची सून झळकली किंवा सहकारी संस्थेच्या भरतीत संचालकांचीच आडनावे दिसू लागली, की मराठी माणसाला हमखास एक नाव आठवते. ते नाव रामशास्त्री प्रभुणे यांचे. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग अग्रलेखांत, वाचकांच्या पत्रांत आणि सभासंमेलनांतील भाषणांत इतका झिजला आहे की त्यामागचा माणूस जवळजवळ दिसेनासा झाला आहे. १९४४ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. त्यात गजानन जागीरदार यांनी उभे केलेले शास्त्रीबुवा पुढच्या दोन पिढ्यांच्या मनात ठसले आणि पेशवाईतील न्यायाधीश म्हटले की तोच चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला.

राघोबादादांना त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री सर्वांना ठाऊक आहेत. स्वतःच्या भावाविषयी निर्णय करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केले, हा प्रसंग त्या मानाने मागे पडला. खरे म्हणजे समित्यांवर बसणाऱ्यांच्या वाट्याला राघोबा क्वचितच येतो. भाऊ, मेहुणा आणि भाचा मात्र नित्य येत असतात.

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील माहुली हे रामशास्त्र्यांचे गाव. अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात त्यांचा जन्म झाला. वडील विश्वनाथपंत लहानपणीच वारले आणि मुलाचा सांभाळ चुलत्यांनी केला. मुलगा काही शिकेना. विशीच्या उंबरठ्यावर आला तरी विद्येचा गंध नाही, म्हणून साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे शागिर्दाची नोकरी पत्करावी लागली. तेथली एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. सावकारांना भेटायला आलेल्या एका गृहस्थाच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीकडे हा शागीर्द टक लावून पाहत राहिला आणि हातातील तांब्याची धार भलतीकडेच जाऊ लागली. तसली भिकबाळी विद्वानाच्या कानात शोभते, पाणी घालणाऱ्याच्या नव्हे, अशा अर्थाचा टोमणा सावकारांनी मारला. तो वर्मी लागला. शागिर्दाने नोकरी सोडली आणि थेट काशीची वाट धरली.

काशीत त्यांनी बाळंभट पायगुंडे यांच्याकडे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. उशिरा सुरुवात करणाऱ्याची चिकाटी काही वेगळीच असते. वर्षानुवर्षे अभ्यास करून ते महाराष्ट्रात परतले आणि १७५१ मध्ये पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून दाखल झाले. १७५९ मध्ये त्यांच्याकडे न्यायाधीशपद आले. घराण्याचा वशिला नसलेला, वतनाचा आधार नसलेला, एके काळी सावकाराच्या पायांवर पाणी घालणारा माणूस पुण्याच्या न्यायासनावर बसला.

त्या काळाकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट किती अपवादात्मक होती हे ध्यानात येते. गावची पाटिलकी आणि कुळकर्ण वंशपरंपरेने चाले. देशमुखी, देशपांडेपण वारशाने मिळे. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि त्यांच्यानंतर ते पदही एकाच घराण्यात राहिले. मुलगा, भाऊ, पुतण्या यांचा हक्क सांगण्यात कोणाला संकोच वाटत नसे, कारण राज्यव्यवहाराची घडीच नात्यांवर बसलेली होती. न्यायदानही त्याला पारखे नव्हते. गावोगावचे तंटे ज्या सभेपुढे येत तिला गोतसभा म्हणत, आणि ‘गोत’ या शब्दाचा अर्थच आप्त, जातभाई, गणगोत असा आहे. वतनाचा वाद ज्यांच्यासमोर चाले त्यांच्यापैकी कित्येकांची वतने त्याच वादाशी या ना त्या धाग्याने जोडलेली असत.

मग निःपक्षपाताची सोय काहीच नव्हती काय? होती, आणि ती बरीच व्यवहारी होती. वादी-प्रतिवाद्यांकडून प्रथम राजीनामा लिहून घेत. हा राजीनामा पद सोडण्याचा नव्हे. या पंचांचा निवाडा आम्हांस मान्य राहील, असे दोन्ही बाजूंनी राजीखुशीने लिहून दिलेले ते पत्र. आपल्या गावची सभा आपल्याला न्याय देणार नाही, तेथे प्रतिपक्षाचे सोयरे बसले आहेत, असे वाटल्यास परस्थळ मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे वाद न्यावा लागे. निवाडा झाल्यावर जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. नातलग पंच असणार हे गृहीत धरून त्यावर उतारा शोधण्याची ही पद्धत होती. मात्र तिच्यात एक मोठी उणीव होती. तक्रार कोणी केली तरच उपाय सुरू होई. पंचाने आपण होऊन आपले नाते सांगावे आणि त्याचा हिशेब चुकता करावा, असा दंडक नव्हता.

रमण्यातील प्रसंग समजून घ्यायचा तो या पार्श्वभूमीवर.

श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा मूळची सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या तळेगावची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव पडले आणि त्यांना हरविणाऱ्या पहिल्या बाजीरावांनी ही प्रथा पुण्यात सुरू ठेवली. पुढे तिचा पसारा अफाट वाढला. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत एका वर्षी हा खर्च काही लाखांच्या घरात गेला होता. देशभरातून ब्राह्मण पुण्याला लोटत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे आवार होते, तेथे वाटप होई. ज्यांनी वेद, शास्त्रे, व्याकरण यांचे अध्ययन केले असेल त्यांना शास्त्रीमंडळी प्रश्न विचारीत आणि योग्यतेप्रमाणे रक्कम ठरवीत. बाकीच्यांना सरसकट किरकोळ दक्षिणा मिळे. परीक्षा घेणारे, रक्कम सुचविणारे आणि पैसे मोजून देणारे एकत्र बसत. आजच्या भाषेत सांगायचे तर ती निवड समितीच होती आणि तिच्यापुढे विद्यावृत्तीची प्रकरणे येत होती. या कामाची देखरेख रामशास्त्र्यांकडे होती.

अशाच एका श्रावणात रांगेतून त्यांचा भाऊ समोर आला. कथा सांगते की शेजारी नाना फडणीस बसले होते. शास्त्रीबुवांचा भाऊ म्हणून त्याला वीस रुपये द्यावेत, असे नानांनी सुचविले. सूचना कोणाची, हे विसरता कामा नये. राज्याचा कारभार ज्यांच्या हाती, त्यांनीच हात सैल केला होता. रामशास्त्र्यांनी काही मागितले नव्हते, शब्द टाकला नव्हता. नुसते गप्प बसले असते तरी भावाच्या पदरात वीस रुपये पडले असते आणि त्यांच्यावर बोट ठेवायला कोणाला जागा राहिली नसती. त्यांनी नकार दिला. आपल्या भावाची विद्या सामान्य आहे, इतर सामान्य ब्राह्मणांना जे दोन रुपये मिळतात तेच त्याला द्यावेत, अधिक काही द्यायचे झाले तर ते मी भाऊ म्हणून माझ्या घरातून देईन, असे त्यांनी नानांना सांगितल्याचे परंपरा मानते.

आख्यायिकेतील आकड्यांवर फार भार देण्याचे कारण नाही. तिच्यातला विचार महत्त्वाचा आहे. रामशास्त्र्यांनी नाते नाकारले नाही. भाऊ गरजू असेल, त्याला पैसे हवे असतील, हेही त्यांनी अमान्य केले नाही. मोठ्या भावाचा खिसा आणि सरकारची थैली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढाच भेद त्यांनी केला. समितीतील सभ्य माणसे घसरतात ती बहुधा याच ठिकाणी. ती नातलगासाठी भांडत नाहीत. सहकारी सदस्य आपण होऊन मोठेपणा दाखवितात, हे खाली मान घालून ऐकतात, आणि पुढच्या वेळी त्या सहकाऱ्याच्या पुतण्याचे नाव निघाले की त्याची परतफेड करतात. नाना फडणिसांची सूचना स्वीकारली असती तर रामशास्त्री नानांचे मिंधे झाले असते. न्यायाधीश कारभाऱ्याचा मिंधा असणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

तरीही एक शंका उरते, आणि ती रामशास्त्र्यांच्या भक्तांना रुचणार नाही. भावाची विद्या सामान्य आहे हे ठरविले कोणी? रामशास्त्र्यांनीच. भाऊ खरोखर व्युत्पन्न असता तर? लोकनिंदेच्या धास्तीने त्याला दोनच रुपये देणे हाही अन्यायच झाला असता. नातलगाविषयी आपले मन झुकते, तसे ते कधी मुद्दाम उलट्या बाजूलाही ताणले जाते. म्हणून आधुनिक कायद्याने वेगळी वाट काढली आहे. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या काही सदस्यांचे आप्त उमेदवार होते, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ही वाट आखून दिली. नातलगाच्या मुलाखतीच्या वेळी त्या सदस्याने उठून जावे, त्याच्या गुणवत्तेच्या चर्चेत भाग घेऊ नये आणि त्याला मिळालेले गुणही त्या सदस्याला कळू देऊ नयेत. नातलगाला वर चढवायचे नाही आणि खालीही ओढायचे नाही. त्याला दुसऱ्याच्या हाती सोपवायचे. त्याआधी १९६९ मध्ये भारतीय वनसेवेच्या एका निवडीत याच न्यायालयाने आणखी पुढचे सांगितले होते. तेथे निवड मंडळाचा एक सदस्य स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव निघाले तेव्हा तो बाजूला झाला, परंतु प्रतिस्पर्ध्यांची योग्यता ठरविताना बसून राहिला. न्यायालयाने ती निवड रद्द केली. आपल्या माणसाचे नाव निघेपर्यंत दाराबाहेर जाऊन यायचे आणि मग इतरांना तोलायला बसायचे, या सोयीस्कर शिष्टाचाराला तो मोठा तडाखा होता.

या कसोटीवर रामशास्त्री उत्तीर्ण होत नाहीत, हे मान्य करायला हवे. ते आसनावरून उठले नाहीत. मात्र त्यांच्याजवळ जे होते ते आजच्या नियमांत सहसा सापडत नाही. नाते त्यांनी भर सभेत बोलून दाखविले आणि त्याची किंमत स्वतःच्या घरातून मोजण्याची तयारी ठेवली.

रमण्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. परीक्षक ब्राह्मण, घेणारे ब्राह्मण आणि देणारे पेशवेही ब्राह्मण. एका भावाच्या अठरा रुपयांवरून एवढा विवेक दाखविणाऱ्या त्या सभेला, सगळ्या रयतेच्या वसुलातून जमलेला पैसा एकाच जातीत वाटला जातो, यात काही वावगे दिसले नाही. रामशास्त्र्यांनाही दिसल्याचा पुरावा नाही. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दक्षिणेची रक्कम काही काळ चालू ठेवली, आणि १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या सुधारकांनी तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ वळवावा असा अर्ज केला तेव्हा पुण्यात केवढा गहजब उडाला होता! आपल्या घरातले नाते ओळखणे एक वेळ सोपे असते. सगळी समितीच एका गोताची असली म्हणजे नाते कोणाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

घरातल्या नात्याबाबत मात्र शास्त्रीबुवा कमालीचे सावध होते. त्या दिवसाला पुरेल त्याहून अधिक सामग्री घरात ठेवायची नाही, असा त्यांचा नेम असल्याचे ग्रँट डफ याने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. त्यांच्या पत्नीची पालखीची गोष्टही प्रसिद्ध आहे. सणानिमित्त वाड्यात गेलेल्या शास्त्रीणबाईंचा साधा वेष पाहून पेशव्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना भारी वस्त्रे नेसविली, दागिने घातले आणि पालखीतून घरी पाठविले. भोयांनी दारात हाक दिली तेव्हा रामशास्त्र्यांनी दार उघडले नाही. ही कोणा थोरांची पालखी घर चुकून आली आहे, असे सांगून ती परत पाठविली. बाई समजल्या. अलंकार परत करून त्या आपल्या जुन्या लुगड्यात पायी घरी आल्या. आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रियांना, या कथेतील नवरा कठोर वाटेल, आणि ते चूकही नाही. अपमान झाला तो पत्नीचा. पण शास्त्रीबुवांची अडचणही खरी होती. न्यायाधीशाला थेट काही देण्याची कोणाची छाती नव्हती. घरच्यांच्या अंगावर घातलेले दागिने मात्र कौतुक म्हणून खपून गेले असते. भेटवस्तू आजही याच वाटेने येते.

थोरल्या माधवरावांच्या काळात रामशास्त्र्यांच्या शब्दाला सर्वाधिक वजन होते. हा तरुण पेशवा एकदा स्नानसंध्येत आणि जपात इतका गढून गेला की कामासाठी आलेल्या न्यायाधीशाला ताटकळत राहावे लागले. ब्राह्मणाचेच आचरण करायचे असेल तर आपण दोघेही काशीला जाऊन गंगाकाठी बसू. राज्य चालवायचे असेल तर रयतेचे काम आधी, असे शास्त्रीबुवांनी त्यांना सुनावले. माधवरावांनी ते ऐकले. ऐकून घेणारा धनी होता म्हणून सांगणाऱ्याचे चालले, हेही खरेच. त्या काळी न्यायाधीशाच्या निवाड्यामागे पेशव्याची सत्ता उभी नसेल तर तो कागदावरच राहत असे.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी या व्यवस्थेचा कस लागला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. मरताना त्यांनी ज्यांच्या गळ्याला मिठी मारली असे सांगतात ते चुलते, रघुनाथराव, पुतण्याच्या जागी पेशवे झाले. रामशास्त्र्यांनी चौकशी आरंभिली. कोणी सांगितले म्हणून नव्हे, हे आपलेच काम आहे म्हणून. सुमारे सहा आठवडे पुरावा गोळा केल्यावर माग रघुनाथरावांच्या दारापर्यंत पोहोचला. गारद्यांना लेखी हुकूम त्यांचाच होता. नारायणरावांना धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नाही, असा त्यांचा बचाव होता. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आणि त्याचा ठपका आनंदीबाईंवर ठेवणारी कथा येथूनच लोकांच्या तोंडी रुळली.

रमण्यात समोर भाऊ होता. येथे समोर धनी होता. न्यायाधीशाची नेमणूक, वेतन, अधिकार ज्याच्या हाती, तोच आरोपी. शिवाय पेशव्यांच्या घरातला हा मामला भाऊबंदकीचा आहे, बाहेरच्याने त्यात पडू नये, असे मानणारे दरबारात थोडेथोडके नव्हते. कित्येक मुत्सद्द्यांनी तेव्हा मौन पत्करले आणि संधीची वाट पाहिली. त्यांतले काही पुढे बारभाई म्हणून पुढे आले, हे त्यांच्या पदरी जमा करावे लागेल. परंतु वाड्यात उभे राहून प्रथम बोलले ते रामशास्त्रीच. या पातकाला प्रायश्चित्त कोणते, असे रघुनाथरावांनी विचारले तेव्हा देहान्ताखेरीज दुसरे नाही, असे त्यांनी सांगितले. ज्या राज्याच्या मुख्य जागी असा गुन्हेगार आहे तेथे मी राहणार नाही, असे बजावून ते पुण्यातून निघाले आणि वाईजवळच्या पांडववाडीत जाऊन राहिले.

भावाच्या वेळी ते आसनावर बसून राहिले आणि धन्याच्या वेळी आसन सोडून गेले. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता, हितसंबंधाचा. भावाच्या बाबतीत त्यांना स्वतःच्या मनावर ताबा ठेवायचा होता, आणि तो ठेवणे त्यांच्या हाती होते. रघुनाथरावांच्या बाबतीत पदावर राहणे म्हणजे आरोपीच्या अन्नावर जगत आरोपीचा न्याय करणे. तेथे स्वतःचे मन कितीही स्वच्छ असले तरी उपयोग नव्हता.

रघुनाथरावांचा अंमल फार टिकला नाही. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला आणि सवाई माधवरावांच्या नावाने बारभाईंचा कारभार सुरू झाला. नव्या कारभाऱ्यांनी रामशास्त्र्यांना पांडववाडीहून पुन्हा पुण्याला बोलावून न्यायाधीशपद दिले. या वेळी सत्ता नाना फडणिसांची होती, दक्षिणेच्या दिवशी वीस रुपये सुचविणाऱ्या नानांची. दोघांच्या स्वभावात जमीनअस्मानाचे अंतर. नाना हिशेबी, माणसे राखून वापरणारे. शास्त्रीबुवा तोंडावर बोलून मोकळे होणारे. तरीही नानांनी त्यांना अखेरपर्यंत दूर केले नाही. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने नव्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात मराठ्यांच्या न्यायपद्धतीतील दोष तपशीलवार मांडले. परंतु रामशास्त्र्यांच्या सचोटीची थोरवी त्यालाही नोंदवावी लागली.

ऑक्टोबर १७८९ मध्ये रामशास्त्र्यांचा पुण्यात अंत झाला. न्यायाधीशपद त्यांच्यानंतर अय्याशास्त्री यांच्याकडे गेले. पाटिलकीपासून पेशवाईपर्यंत सारे काही वारशाने चालणाऱ्या त्या राज्यात प्रभुणे घराण्याने त्या जागेचे वतन केले नाही.